डेटा आणि तिसावी पिशवी

बस डेपोच्या खिडकीतून तिथल्या अधिकारी नेत्रा मॅडम कानडी आदरानं म्हणाल्या, "यजमानरे, डेटा आणा," आणि मी समजल्यासारखी मान हलवली. पुढच्या तीन महिन्यांत माझी जी शोभा झाली तिचं मूळ त्या मान हलवण्यात आहे. न कळलेल्या गोष्टीला मान हलवायची सवय मला नोकरीत लागली. वनखात्याच्या लाकूड डेपोत बत्तीस वर्षं मी कारकून होतो. साहेब बदलत, त्यांची भाषा बदले, मान मात्र एकाच पद्धतीनं हलवली तरी चाले.

मोबाइलमधला डेटा मला माहीत होता. आमच्या शिवणगाळीत तो फक्त देवळामागच्या टेकडावर चढलं की मिळतो. पण बस मागायला तो कशाला लागतो, हे काही ध्यानात येईना. अर्ज तर मी झकास लिहून नेला होता. "आमच्या गावी पुष्कळ लोक आहेत, त्यांची फार गैरसोय होते, तरी सकाळची गाडी तिठ्यावरून आत चार किलोमीटर आणावी," असं त्यात होतं. मॅडमनी तो वाचला आणि 'पुष्कळ' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

"पुष्कळ म्हणजे किती?"

"भरपूर," मी म्हणालो.

"फार म्हणजे किती?"

मग त्या डेटा म्हणाल्या आणि मी ती मान हलवली. आठवड्यातून एकदा तरी जाणारे तीस प्रवासी दाखवा, गाडी आत पाठवायचा प्रस्ताव करते, असं त्यांनी सांगितलं. तीस हा आकडा ऐकून मला हसू आलं. आमच्या गावात एकेचाळीस घरं आहेत. तीस माणसं तर तंबाखू मागायला माझ्या पडवीत येऊन जातात.

गाडी मला स्वतःसाठी नको होती. माझा धाकटा भाऊ गणपती, त्याची मुलगी रक्षा जोयड्याला कॉलेजात जाते. सकाळी सहाला अंधारातून निघून चार किलोमीटर रानातून तिठ्यावर यायचं, मग पावणेआठची गाडी. जूनमध्ये एकदा गवा रस्त्यात उभा राहिला आणि हटेना. पोरगी अर्धा तास झाडाआड उभी राहिली, गाडी गेली, परीक्षाही गेली. त्या दिवशी गणपतीनं जाहीर केलं, "दसऱ्यापत्तूर गाडी गावात आली तर आली. न्हाई तर कॉलेज बंद." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रक्षा पुन्हा निघाली, हातात काठी घेऊन. ते मी पडवीतून पाहिलं आणि अर्ज लिहायला बसलो.

तर डेटा. रक्षालाच विचारलं. ती म्हणाली, "थोरले बाबा, कोण कुठं जातं, किती वेळा जातं, ते गोळा करून लिहायचं. गोळा केलेली माहिती म्हणजे डेटा." एवढंच होय! अहो, बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? ओंडका आला की लांबी, घेर, नंबर. मी माळ्यावरचं जुनं रजिस्टर काढलं, लाल शाईनं रकाने आखले. नाव, कुठं जाता, किती वेळा, कारण. 'कारण' हा रकाना माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघाला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. पुढं तो कुठं जाऊन बसला ते सांगेनच.

पहिलं घर म्हादूचं. म्हादू माझ्याच वयाचा. आमची घरं शेजारी, मधे एक कुंपण आणि दोन वर्षांचा अबोला. अबोला माझा नव्हे, माझ्या बायकोचा. सुशीलाच्या भावानं मला लाल कातड्याचे बूट दिले होते, ते पडवीतून एकाएकी नाहीसे झाले. त्या दिवशी दुपारी म्हादू पडवीत बसून गेला होता. सुशीलानं तोंडानं काही म्हटलं नाही, फक्त म्हादूच्या घरी रोज जाणारा ताकाचा तांब्या बंद केला. आमच्याकडे आरोप असाच करतात. मी मधे पडलो नाही. बायकांच्या गोष्टीत पुरुषानं पडू नये, असं माझं तेव्हा मत होतं.

म्हादूनं रजिस्टर पाहिलं, मग मला पाहिलं.

"काय लिवतोयस रे यशवंता?"

"गाडीसाठी. तू कुठं कुठं जातोस ते सांग."

"आदी तुझं नाव लिव."

"माझं कशाला? मी लिहिणारा."

"तेच म्हंतो मी," म्हादू म्हणाला. "लाकडांवर तू नंबर घातलेस, ती लाकडं गेली. आता घरांवर नंबर घालायला आलास व्हय?"

लाकडं गेली होती, ही गोष्ट खरी होती. त्यातून अलीकडे आमच्याकडे दर पावसाळ्याला एक बातमी उगवते की वाघांसाठी गावं उठवणार, कागद तयार आहेत, फक्त कोण राहायला कंटाळलंय ते विचारणं बाकी आहे. ही बातमी कोण आणतं ते कुणाला माहीत नसतं, पण कागद घेऊन येणाऱ्या माणसाकडे सगळे त्याच नजरेनं बघतात. तो माणूस या वर्षी मी होतो. जन्म याच गावात घेतला, लग्न याच गावात केलं, तरी वनखात्याचा पगार खाल्लेला.

"मी कुठं जात न्हाई," म्हादूनं सांगितलं. "जन्मलो हितं, मरणार हितं. असं लिव, ठळक लिव."

मी ठळक लिहिलं. हे सांगताना म्हादूच्या मानेवर नुकत्याच केलेल्या हजामतीची पावडर होती आणि शिवणगाळीत न्हावी नाही, ही गोष्ट मी मनात ठेवली.

माझ्या आधी म्हादूचा निरोप प्रत्येक घरी पोहोचत होता. मी अंगणात पाय ठेवायचा अवकाश, घरधनी आतून ओरडे, "आम्ही कुठंच जात न्हाई!" वासूच्या खिशातून बसचं तिकीट डोकावत होतं. तो म्हणाला, ते वाऱ्यानं आलं. शिल्पा जोयड्याला शिवणाच्या वर्गाला जाते, हे सगळ्या गावाला ठाऊक. तिची सासू म्हणाली, "आमची सून उंबऱ्याभायेर पडत न्हाई," आणि सून तेव्हा जोयड्यालाच होती. एकेचाळीस घरांत फक्त दोघींनी प्रवास कबूल केला. एक रक्षा. दुसरी सावित्रीआजी, जी पाच वर्षं अंथरुणावर आहे. ती म्हणाली, "मी रोज रामनगरला जाते. बाजार केल्याबिगर चैन पडत न्हाई मला." हेही मी लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'बाजार' लिहिलं.

रजिस्टर घेऊन मी डेपोत गेलो. मॅडमनी पानं उलटली.

"प्रवासी दोन," त्या म्हणाल्या.

"हो. पण ते खोटं आहे."

"मग आणलं कशाला?"

"तुम्ही डेटा म्हणालात. गोळा केलेली माहिती. मी गोळा केली."

मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. चहा मागवला आणि म्हणाल्या, "यजमानरे, तुम्ही लाकूड डेपोत होता ना? ओंडका किती लांब आहे, हे ओंडक्याला विचारत होता?"

"छे! टेप लावत होतो."

"आयतु," त्या म्हणाल्या, म्हणजे झालं. "माणसं काय सांगतात ते राहू दे. ती काय करतात ते मोजा. आणि जे मोजाल ते मी येऊन परत मोजलं तरी तेवढंच भरलं पाहिजे. नाही तर ते नुसतं लिहिलेलं."

बत्तीस वर्षं टेप धरलेल्या माणसाला तीस वर्षांच्या बाईनं मोजणं शिकवावं, हे मनाला लागलं. चहा मात्र मी संपवला.

परतताना तिठ्यावर शांतीच्या चहाच्या टपरीत बसलो होतो. आमच्या वाटेला पावसात गुडघाभर तांबडा चिखल असतो, वर जळवा. त्या चिखलातून चांगलं पायताण कुणी आणत नाही. घरून निघायचं ते फाटक्या चपलेत किंवा अनवाणी. चांगला जोड कायमचा शांतीकडे, पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला. तिठ्यावर यायचं, नळावर पाय धुवायचे, आपली पिशवी काढायची, जोड बदलायचा आणि माणसात यायचं. संध्याकाळी उलट. ज्याचं जाणंयेणं आहे त्याचा खिळा आहे. ज्याचं नाही त्याला शांती खिळा देत नाही, भिंत तेवढी मोठी नाही.

मी चहाचा पेला खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिलो. म्हादूची खताची पिशवी होती. वासूची होती. उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या शिल्पाची तर दोन बंदांची, नक्षीची. मी बोट लावून मोजलं. तीस.

"शांती, सगळे खिळे चालू आहेत?"

"आठवडाभर पिशवी हलली न्हाई तर मी काडून टाकतो," शांती म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. मग तिचे डोळे बारीक झाले. "का विचारतासा? गाडी आत गेली तर माज्या च्याला कोण थांबनार?"

मी तिला वचन दिलं की गाडी तिच्या दारात पाच मिनिटं थांबेल. असं वचन द्यायचा मला काडीचा अधिकार नव्हता, पण तिनं नावं सांगितली. एकोणतीस पिशव्यांसमोर मी एकोणतीस नावं लिहिली. तिसावीपाशी ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि चूल फुंकायला लागली. मीही पान उलटलं. बेरीज तीस झाली होती, तेवढं पुरे होतं, आणि 'प्रवासी तीस' असं मी डेपोला कळवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर चार पिशव्या उरल्या होत्या.

बातमी अशी पसरली की यशवंता आता चपला मोजतोय. चपलेवरून पायाचं माप, मापावरून माणूस, माणसावरून कागद. लोकांनी रातोरात नव्हे, पण भल्या पहाटे येऊन आपापले जोड नेले. मग आठवडाभर सगळे चांगला जोड डोक्यावर धरून चिखलातून ये-जा करत राहिले, पण खिळ्याला लावेनात. मला पाहिलं की पिशवी पाठीमागं. म्हादू तर मला पाहून जोडासकट झाडीत शिरला आणि जळवा घेऊन बाहेर आला.

शेवटी रक्षा उठली. गावाच्या मांडावर, बैठकीच्या जागी, सगळे जमले होते, तिथं ती उभी राहिली. पोरीचा आवाज लहान, पण कापला नाही. "दसऱ्याला बारा दिवस हायत," ती म्हणाली. "गाडी आली न्हाई तर मी घरी बसनार. कागद वाघाचा न्हाई, गाडीचा हाय. डेपोच्या बाई बुधवारी सोता येऊन पिशव्या मोजनार. तीस भरल्या तर गाडी. ज्याला माज्यावर इस्वास न्हाई त्यानं माज्या तोंडावर सांगावं." कुणी सांगितलं नाही. मला बरं वाटलं. लोक समजले, असं मी समजलो.

बुधवारी सकाळी तिठ्यावर जाऊन बघतो तर त्र्याऐंशी पिशव्या.

खिळे संपले होते. पिशव्या फणसाला टांगल्या होत्या, कुंपणाला टांगल्या होत्या, एक तर शांतीच्या म्हशीच्या शिंगाला होती. जेवढे जोड तेवढी गाडी पक्की, असा गावानं हिशेब केला होता. लहान पोरांचे शिटी वाजणारे बूट होते. लग्नातल्या मोजड्या होत्या. गणपतीनं आपले गमबूट दोन पिशव्यांत एकेक करून घातले होते. वासूनं त्याच्या वारलेल्या आज्याच्या वहाणा आणल्या होत्या आणि विचारलं तर म्हणाला, "त्याला लई आवड होती फिरायची." सगळा गाव जमला होता. सुशीलाही आली होती, एरवी ती तिठ्यावर कधी येत नाही.

नेत्रा मॅडम जीपमधून उतरल्या. त्यांनी म्हशीकडे बघितलं, फणसाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तीस सांगितले होते तुम्ही."

"मॅडम, तीसच आहेत. बाकीचे... उत्साह आहे."

"मला ऐकायचं नाही. प्रत्येक जोड ज्याचा त्यानं पायात घालायचा आणि कुठं, किती वेळा, का जातो ते इथं सर्वांसमोर सांगायचं. शांतीबाई व्हय म्हणाल्या तर धरणार. तीस भरले तर आज प्रस्ताव जाईल. नाही भरले तर पुढच्या वर्षी बघू."

त्यांनी माझंच रजिस्टर उघडलं. लाल शाईचे चार रकाने.

सुरुवातीला कुणी हलेना. मग शिल्पा पुढं आली, सासूकडे न बघता चपला घातल्या आणि म्हणाली, "जोयडा. रोज. शिवन शिकायला." सासू म्हणाली, "मीच धाडतो तिला," आणि गर्दीत हशा पिकला. मग वासू आला, मग इतर. गमबूट, मोजड्या आणि आज्याच्या वहाणा शांतीनं एकेक करून बाजूला फेकल्या. सव्विसावा कोण, सत्ताविसावा कोण. अठ्ठाविसावी रक्षा, तिनं नुसतं "कॉलेज" म्हटलं. एकोणतिसावा म्हादू. त्यानं खताची पिशवी झटकली, जोड घातला, जमिनीकडे बघत म्हणाला, "रामनगर. दर सोमवारी. बहिनीकडं. ती आजारी हाय." हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं त्याच्या बहिणीशी भांडण आहे, असंच सगळे धरून चालत.

"एकोणतीस," मॅडम म्हणाल्या. "आणखी?"

एकच पिशवी उरली होती. निळी, साडीच्या दुकानाची. शांती चुलीपाशी गेली आणि फुंकर मारायला लागली, चूल पेटलेली असतानाही.

"कुणाची आहे?"

सुशीला पुढं झाली. "ही पिशवी माज्या दिवाळीच्या साडीची," असं म्हणत तिनं ती खिळ्यावरून काढली आणि आत हात घातला. बूट बाहेर आले. लाल कातड्याचे, चकचकीत. मी पॉलिश करून ठेवतो.

म्हादूनं ते बूट ओळखले. सुशीलानं ओळखले. सगळ्या गावानं ओळखले, कारण दोन वर्षांपूर्वी त्या बुटांचं वर्णन घरोघरी झालं होतं. सुशीलानं एकदा बुटांकडे बघितलं, एकदा म्हादूकडे. माझ्याकडे अजून बघितलं नव्हतं.

मला पळून जाता आलं असतं. खोटं सांगू नये. तसा विचार मी केला. मग मला रक्षा दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती, मॅडमच्या पेनाकडे बघत होती. मी बाकावर बसलो, पाय पुसले आणि बूट घातले. नाड्या बांधायला फार वेळ लागला.

"नाव?"

"यशवंत."

"कुठं?"

"जोयडा. गुणा शिंप्याच्या दुकानी."

"किती वेळा?"

"दर बुधवारी." घरी मी सांगतो की बुधवारी ओढ्यापलीकडची सुपारी बघायला जातो.

"कारण?"

तो माझाच रकाना होता. मी स्वतः पट्टी धरून आखला होता.

"पत्ते," मी म्हणालो.

सुशीलासमोर मी पत्ते सोडल्याची शपथ घेतली होती. घरून बूट घालून निघालो तर कुठं चाललात म्हणून विचारणार, आणि जुन्या चपलेत जोयड्याला जाणं माझ्या हुद्द्याला शोभणार नाही, म्हणून बूट शांतीकडे ठेवले आणि घरी हरवले म्हणून सांगितलं. म्हादू त्या दुपारी पडवीत येऊन गेला, हा निव्वळ योगायोग. मी तो योगायोग दोन वर्षं तसाच राहू दिला, हा मात्र योगायोग नव्हता. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. म्हादूकडे बघून सांगितलं.

मॅडमनी कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक काम' लिहिलं. "तीस," त्या म्हणाल्या.

"एकतीस लिवा," सुशीला म्हणाली. "मी पन जानार. दर बुधवारी. ह्यांच्या शेजारच्या शीटवर."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी गावात आली. समोर झेंडूची माळ, आत चालक, वाहक आणि कुणीतरी बसवलेली सावित्रीआजी, नातवाच्या मांडीवर. पावणेआठच्या गाडीत रक्षा घरासमोर चढली. काठी तिनं पडवीत माझ्या रजिस्टरशेजारी ठेवली होती. गणपती गाडी वळेपर्यंत उभा होता, मग नाक शिंकरून गोठ्यात गेला. शांतीच्या दारात गाडी पाच नाही, दहा मिनिटं थांबते, चालकाला तिचा चहा आवडला.

सुशीला तोपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. गाडी खरोखर आली हे स्वतः बघितल्याशिवाय तिनं माझं काहीच खरं धरायचं नाही असं ठरवलं होतं. त्या संध्याकाळी तिनं ताकाचा तांब्या भरला, वर कोथिंबीर टाकली, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला. "तुमी जावा," ती म्हणाली. "तुमचं तुमी द्या."

कुंपण ओलांडून मी म्हादूच्या पडवीत गेलो. तांब्या पुढं केला. माफी मागायची होती, तोंडातून फक्त "ताक" एवढंच आलं. म्हादूनं झाकण काढलं, वास घेतला, आत डोकावून बघितलं आणि तांब्या परत माझ्यापुढं धरला.

"आदी तू पी," तो म्हणाला.

मी प्यायलो.